बोटीचं सीएफडी: ऑफिसात मशीन घ्यावं की क्लाउडवर चालवावं?

बेलापूरच्या जेट्टीवरून सुटणारी प्रवासी बोट डिझाइन करायची आहे, असं धरू. तिच्याभोवती पाणी कसं वाहील हे संगणकावर आकडेमोडीने काढणं म्हणजे सीएफडी, आणि अशी एक आकडेमोड म्हणजे एक रन. खोल समुद्रात हलला (बोटीच्या धडाला) पाण्याचा किती रोध होतो हे काढणं त्यामानाने सरळ असतं. खाडीत तसं नाही. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो: ४ मीटर पाण्यात सुमारे १२ नॉट, अडीच मीटरमध्ये साडेनऊच्या आसपास. बोट त्या वेगाजवळ आली की रोध झपकन चढतो, मागचा भाग खाली बसतो आणि उठलेली लाट थेट कांदळवनात जाऊन आदळते. त्यात उधाणाला इथे भरती-ओहोटीत ४-५ मीटरचा फरक, म्हणजे तीच बोट सकाळी एक वागते, दुपारी दुसरंच.

म्हणून एका रनने भागत नाही. ५ वेग, पाण्याच्या ३ पातळ्या, रिकामी आणि भरलेली बोट: झाले ३० रन. ट्रान्सम (बोटीची मागची सपाट भिंत) जरा वर घेतला की पुन्हा ३०.

ऑफिसातल्या वर्कस्टेशनवर अर्ध्या हलची २५-३० लाख सेलची (तुकड्यांची) मेश, म्हणजे पाण्याचं जाळं, घेतली, तर एका रनला साधारण एक रात्र धरून चाला. म्हणजे महिना गेला. प्रोसेसरच्या ३२ कोअरऐवजी ६४ घेतले की वेळ निम्मा होईल, या भरवशावर राहू नका. सीएफडीत गाडी बहुतेक वेळा मेमरीच्या वेगापाशी अडते. मशीन घेताना मेमरी चॅनेल (मेमरीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटा) किती ते विचारा, विकणारा आपणहून सांगत नाही. यूपीएस आणि एसीचा खर्च वेगळाच. पण एकदा पैसे मोजले की चुकलेला रन दहादा लावा, मीटर पळत नाही. नव्या पोरांना शिकवायला याच्यासारखं काही नाही.

क्लाउडचा खरा फायदा इथे आहे: ३० मशीन एका रात्रीसाठी घ्या किंवा एक मशीन ३० रात्री, भाडं जवळपास तेवढंच. क्लायंटची मीटिंग सोमवारी असेल तर याला तोड नाही.

खाचखळगे मात्र बिल आल्यावर दिसतात. दरपत्रकातला ‘व्हीसीपीयू’ (आभासी प्रोसेसर) बऱ्याच मशीनवर अर्धा कोअर असतो, आणि सीएफडीला त्या दुसऱ्या अर्ध्याचा फारसा उपयोग नाही. मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालू राहतं. डेटा खाली उतरवायलाही पैसे पडतात. चित्रं तिथेच काढावीत, घरी फक्त बलांच्या फायली आणाव्यात. नव्या खात्याला कोअरची मर्यादा असते, ती वाढवून घ्यायला आधी अर्ज करावा लागतो. हे डेडलाइनच्या रात्री कळू नये. स्पॉट मशीन (क्लाउडवाल्याकडे रिकामी पडलेली) खूप स्वस्त, पण मध्येच काढून घेतात, तेव्हा रन वरचेवर सेव्ह होतोय ना ते बघा.

ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दोन्हीकडे चालतं. पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर लायसन्स किती कोअरना चालतं ते आधी वाचा, नाहीतर भाड्याची मशीन नुसती बसून राहतील. ब्राउझरमधून चालणाऱ्या तयार सेवा मेशची कटकट कमी करतात. पण मेशवरचा ताबाही तेवढाच सुटतो, आणि मोकळ्या पृष्ठभागाच्या (पाणी-हवेच्या सीमेवरच्या) लाटेसाठी मला तो हवा असतो. क्लायंट संरक्षण खात्याशी संबंधित असेल तर ड्रॉइंग बाहेर पाठवायची लेखी परवानगी लागेल. क्लाउडचा मुंबई रीजन (तिथलं डेटा सेंटर) निवडला म्हणून ती सुटत नाही.

माझा कौल असा. वर्षभर रोज रन लागत असतील तर मशीन घ्या. काम टेंडरमागे टेंडर, झुंडीने येत असेल तर क्लाउड. बहुतेक छोट्या ऑफिसांचं काम दुसऱ्या प्रकारचं असतं, त्यांना मेश बांधायला एक मध्यम वर्कस्टेशन आणि रनांसाठी क्लाउड एवढं पुरतं.

टोइंग टँक (मॉडेल पाण्यात ओढून रोध मोजायचा लांब हौद) यातून सुटत नाही. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूडने १८७०च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्कीला बांधलेल्या टँकची रीत आजही तीच: उदाहरणार्थ, १:१६ चं मॉडेल पाव वेगाने ओढायचं. करारात वेगाची हमी असेल, तर शेवटच्या एका हलसाठी मद्रास किंवा खरगपूर आयआयटीच्या टँकचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा.