ट्रकच्या कमानपाट्याची सुरी: संक्रांत ते आषाढ, रोजच्या स्वयंपाकात

छंद म्हणून सुऱ्या करणाऱ्यांचे फोटो चकचकीत असतात. त्याच सुरीने काही महिने कांदे चिरल्यावर तिचं काय होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही. माझी साडेसहा इंची पात्याची सुरी संक्रांतीपासून घरात रोज वापरात आहे. सोलापुरात हैदराबाद रोडच्या गॅरेजमधून किलोवर आणलेल्या ट्रकच्या कमानपाट्यातून (लीफ स्प्रिंगच्या पट्टीतून) ती घडवली.

पाटा बहुधा ईएन ४५ जातीच्या पोलादाचा असतो. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, सिलिकॉन दीड-दोन टक्के. पोलाद चिवट, भट्टीत थोडं कमी-जास्त झालं तरी सांभाळून घेतं. बेअरिंगचं ईएन ३१ धार जास्त दिवस धरतं, पण त्याला ठरावीक तापमानावर काही मिनिटं एकसारखं ठेवावं लागतं. कोळशाच्या भट्टीत हे कठीण. जुन्या पाट्याचा धोका एकच, वर्षानुवर्षं ओझं वाहून आत बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. त्यामुळे ज्या ठिकाणी तुटलाय, तिथला तुकडा वापरायचा नाही.

भट्टी पहाटे अंधारात पेटवतो. लोखंडाचा रंग उजेडात कळत नाही, आणि वैशाखात सोलापुरात दिवसा भट्टीसमोर उभं राहणं शक्यही नाही. चुंबक चिकटायचं थांबलं की आणखी थोडं तापवून पातं कोमट तेलात. शेजारचे लोहारकाका म्हणाले, "तेलात काय होतंय, पाणी पाजा की." त्यांचे विळे पाण्यात उत्तम होतात, पण या पोलादाचं इतकं पातळ पातं पाण्यात तडकू शकतं. नंतर ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. ओव्हनच्या बटणावर विश्वास नको, आत वेगळा तापमापक ठेवा.

आता खरा मुद्दा. लोक पोलादावर वाद घालतात, सुरी मात्र जाडीवर ठरते. माझ्या पात्याची पाठ २ मिलिमीटर आहे, धारेच्या लगेच वर जेमतेम ०.३. त्यामुळे गाजर कापलं जातं, फुटत नाही. ४ मिलिमीटर पाठीच्या सुऱ्या दिसायला दणकट असतात, पण बटाट्यात पाचरीसारख्या अडकतात. पातळ पात्याची मर्यादाही आहे: लोणच्याच्या कैरीला ही लावायची नाही. कोय फोडायला अडकित्ताच. आई पालेभाजी अजूनही विळीवर चिरते. कांदा, वांगी, गवार मात्र या सुरीने. तिच्या मते मूठ थोडी बारीक हवी होती, आणि ते बरोबर आहे.

सुरुवातीला कांद्याच्या कडा करड्या पडत आणि लोखंडाचा वास येई. कैरीच्या मोसमात पात्यावर निळसर-करडा थर बसला, तेव्हापासून वास गेला. तो थर घासून काढू नका, त्यानेच गंज कमी होतो. कोरड्या उन्हाळ्यात गंजाचं नावही नव्हतं. आषाढ लागल्यावर रोज पुसून तेलाचा हात द्यावा लागतोय. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे भांडी टबात साठतात. ही सुरी त्या टबात गेली की संपली. वापरली की लगेच धुऊन पुसायची, हा नियम घरातल्या सगळ्यांना पाळता येणार नसेल तर स्टेनलेस घ्या, वाद नको.

तक्रार मुठीबद्दल आहे. बाभळीचं लाकूड वैशाखात आकसलं आणि पितळी रिव्हेटांची डोकी बोटाला लागू लागली. कानशीने सपाट करून जवसाचं तेल चोळल्यावर ठीक झालं. पुढच्या सुरीला लाकूड एक उन्हाळा घरात वाळवल्याशिवाय बसवणार नाही. पात्याला मात्र जवस नको, ते चिकट होऊन वाळतं, खोबरेल बरं.

धार आठ-पंधरा दिवसांनी चामड्यावर ओढून येते, महिन्या-दीड महिन्याने १००० ग्रिटचा दगड लागतो. बाजारातल्या बऱ्या स्टेनलेस सुरीपेक्षा हे नक्कीच चांगलं, ईएन ३१ च्या मानाने कमी. पैसे वाचतील म्हणून कुणी या छंदात येत असेल तर येऊ नये: कोळसा, ग्राइंडरचे पट्टे आणि चिकटवायचा अराल्डाइट धरला, तर दुकानातल्या दोन-तीन सुऱ्या सहज येतात. पहिलीच सुरी करत असाल तर भंगारापेक्षा ईएन ४५ ची नवी पट्टी घ्या, पाटा सरळ करण्यातच निम्मा जीव जातो.