ऑल-व्हील गाडी 'रिअर' करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

संभाजीनगरात किंवा आसपास जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी फक्त मागच्या चाकांवर करून घ्यायचं कुणाच्या डोक्यात असेल, तर आधी हे वाचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तसं बजावलंय. पण पद्धत सगळी सांगतो. ज्याची गाठ पडेल त्याला माणूस बरोबर ओळखू येईल.

गाडी माझी जुनी शेव्हरोले फॉरेस्टर. बिल्ला शेव्हरोलेचा, आतला माल सगळा सुबारूचा. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, पाच गिअर, चारही चाकांना कायम ड्राइव्ह. रॅलीत नाव काढलेल्या इम्प्रेझाच्याच घराण्यातली. शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सनं 2017 च्या शेवटी भारतातली विक्री गुंडाळली, आणि ही गाडी तर त्याच्या कितीतरी आधीच बंद झालेली. पार्टसाठी भंगारवाल्यांच्या विनवण्या कराव्या लागतात. डाव्या बाजूच्या पुढच्या शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा, बूट (जॉइंटवरचं रबरी कव्हर) फाटला, वळताना जॉइंट कटकट वाजायला लागला, आणि तिथून हा विषय निघाला.

गॅरेजवाला म्हणाला, "दादा, शाफ्ट शोधण्यात पैसे कशाला घालता? पुढचं काढूनच टाकू. गाडी रिअर होईल, मग बघा मागून कशी फिरते ते." मित्राच्या खडी क्रशरजवळ मुरमाचं मोठं पटांगण आहे, तिथं गाडी आडवी घसरवायची हौस मला होतीच. ही हौस त्यानं पहिल्या पाच मिनिटांत हेरली. आपल्या शहरात गाडीचं वेड नवीन नाही. 2010 मध्ये इथल्या लोकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. वेड्यांच्या जोरावर जगणारी गॅरेजंही मग उगवणारच.

आता काम नेमकं काय असतं ते समजून घ्या, कारण फसवणूक तिथंच आहे. या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटाकडं सेंटर डिफरन्शियल असतं. इंजिनाची ताकद तिथून पुढं आणि मागं वाटली जाते. नुसते पुढचे शाफ्ट काढले आणि सेंटर तसंच मोकळं ठेवलं, तर ताकद ज्या बाजूला अडवणूक नाही तिकडं पळते. म्हणजे पुढं, रिकाम्यात. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. म्हणून सेंटर कायमचं लॉक करावं लागतं. त्यासाठी तयार स्पूल मिळतो, म्हणजे आतल्या गिअरांच्या जागी बसणारा अखंड पार्ट, तो बाहेरून मागवावा लागतो. दुसरा रस्ता म्हणजे आतले गिअर वेल्डिंगनं एकमेकांना जोडून टाकणं. स्वस्त काम, पण गिअरचं पोलाद वरून कडक केलेलं असतं, नीट न तापवता वेल्ड मारला तर तडकतो.

त्यानं मला स्पूलचेच पैसे लावले. 48,000 पार्टचे, 35,000 मजुरीचे. पार्ट आल्याचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला. चकचकीत पार्ट, लाकडी टेबल, आणि मागं भिंतीवर चपट्या चौकोनी भोकांचं सॉकेट. तसलं सॉकेट आपल्याकडं कुणाच्या भिंतीवर असतं? फोटो इंटरनेटवर शोधला तेव्हा परदेशातल्या एका विक्रेत्याच्या जाहिरातीत जसाच्या तसा सापडला. पण हा शोध नंतरचा. तोवर पैसे गेले होते, तेही गॅरेजच्या नावानं नाही. "बँकेचा प्रॉब्लेम चालू आहे" म्हणून त्यानं दिलेल्या यूपीआयवर भलतंच नाव येत होतं, त्याच्या मेहुण्याचं म्हणे.

ट्रायल त्यानंच दिली, सपाट रस्त्यावर, हळू. गाडी मागूनच ढकलतेय हे कळत होतं. पटांगणात नेली, दोन-चार गोल मारले, मग खाणीकडच्या चढाला लावली तेव्हा खाली काहीतरी कडाड वाजलं. इंजिन चार हजारावर, गाडी जागेवर. ढकलून वळवली तर पुढचं डावं चाक हातानं हलत होतं.

वाळूजला ओळखीचे एक फिटर मामा आहेत, मूळचे लातूरकडचे. गिअरबॉक्स त्यांनी उतरवला. ड्रेन प्लगच्या चुंबकाला लोखंडाचे बारीक तुकडे काट्यांसारखे उभे राहिले होते. या गिअरबॉक्सचं आणि पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल एकच असतं, त्यामुळं तो चुरा सगळीकडं फिरलेला. सेंटर उघडलं तर स्पूल नावालाही नाही. जुनंच डिफरन्शियल, आतल्या गिअरवर वेल्डचे चार ठिपके, त्यातले तीन उखडलेले. मामा बराच वेळ ते बोटांत फिरवत बसले. "गोधडीलाबी ह्याहून बरे टाके असतेत," म्हणाले.

याहून वाईट गोष्ट पुढच्या चाकात निघाली. शाफ्ट काढला तरी त्याच्या बाहेरच्या जॉइंटचा दांडा हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, ठेवून नट आवळावाच लागतो. बेअरिंगच्या आतल्या रिंगा तो नटच धरून ठेवतो. दांडा नसेल तर बेअरिंग सुटतं आणि चाक निखळू शकतं. माझ्या गाडीत मधली टोपी काढली तर हबमधून आरपार दिसत होतं. त्यानं शाफ्ट जॉइंटसकट पूर्ण काढून नेले होते. का? तर उजवा शाफ्ट चांगला होता, आणि या गाडीचे शाफ्ट मिळत नाहीत म्हणून त्याला गिऱ्हाईक तयार असतं. थोडक्यात, न बसवलेल्या पार्टचे पैसे माझ्याकडून घेतले, माझाच शाफ्ट दुसऱ्याला विकायला नेला, आणि हे करताना पुढचं चाक निखळून कुणी मेलं असतं तरी त्याला फिकीर नव्हती. शाफ्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात गेले."

मग खरी मेख कळली. तक्रार करतो म्हटल्यावर हा गडी हसला. "करा ना. कलम 52 माहितीय का? गाडीत बदल करणं बेकायदा. आरटीओत तुमचीच गाडी उभी राहील, माझं काय जातंय." मोटार वाहन कायद्यात ते कलम आहे, हे खरं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यावर कडक निकाल दिलाय. याच भीतीवर त्याचा धंदा उभा आहे. गिऱ्हाईक स्वतःच घाबरलेलं, त्यामुळं बोंबलणार कोण?

वकिलांचं म्हणणं वेगळं पडलं. रस्त्यावर अशी गाडी चालते की नाही हा एक प्रश्न, आणि न बसवलेल्या पार्टचं बिल लावून पैसे घेतले हा दुसरा. दुसऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 आहे. पोलीस ठाण्यात "हे दिवाणी आहे" ऐकावं लागलं, ते अपेक्षितच होतं. अर्ज देऊन पोच घेतली. ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. 1915 या हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळतं. मामांनी प्रत्येक पार्ट उघडताना व्हिडिओ काढायला लावला होता, तो आता पुरावा म्हणून जोडलाय. उखडलेले तुकडे डबीत बंद करून ठेवलेत.

बिलाचंही सांगतो. छापील, शिक्का मारलेलं, वर जीएसटी क्रमांक. सुरुवात 27 नं, म्हणजे महाराष्ट्राचा. पण अक्षरं मोजली तर चौदा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यापाऱ्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे मिनिटात दिसतं. पैसे द्यायच्या आधी एवढं बघा. पार्ट डब्यातून तुमच्यासमोर काढायला लावा, गिअरबॉक्स बंद करताना स्वतः हजर राहा, निघालेला माल डिकीत टाकून घरी आणा. कुणी "तुम्ही कशाला थांबता, धूळ आहे इथं" म्हणालं, तर हमखास थांबा.

त्या गॅरेजचं शटर आता खाली आहे. तोच माणूस जालना रस्त्याकडं दुसऱ्या पाटीखाली बसतो, असं दोघांनी सांगितलंय. सध्या फोर-बाय-फोर जीपचे पुढचे शाफ्ट काढून "मायलेज वाढवून" देतोय म्हणे. चौदा अक्षरांचं बिल किंवा मेहुण्याच्या नावावर गेलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट कुणाकडं असेल, तर जपून ठेवा आणि आपापल्या नावानं तक्रार टाका. माझ्या वकिलांच्या मते एकाच पद्धतीच्या तीन-चार तक्रारी समोर आल्या, तर "दिवाणी आहे" म्हणून वाटेला लावणं ठाण्याला जड जाईल.