तेफिला झक्का : हनुक्कापासून आजवरचा अनुभव

आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीने प्रार्थना करतो, त्यामुळे तेफिला झक्का (‘शुद्ध प्रार्थना’) आपल्यात फारशी कुणी म्हणत नाही. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या संध्याकाळी, कोल निद्रे या सुरुवातीच्या प्रार्थनेच्या आधी ज्याने त्याने स्वतःशी म्हणायची ही पापकबुली मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये चालते. वर्षातून एकदाच म्हणायची असली तरी मी हनुक्का या हिवाळ्यातल्या दिव्यांच्या सणापासून ती रात्री झोपण्याआधी थोडी थोडी म्हणतोय. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि इतर सणांच्या रात्री वगळतो, कारण तेव्हा कबुली म्हणत नाहीत.

ती घराघरांत पोचवली रब्बी (धर्मगुरू) अव्राहाम डान्झिग (१७४८–१८२०) यांनी, १८१०च्या ‘खय्ये आदम’ या ग्रंथातून. जुन्या पुस्तकांत सापडली असं ते स्वतः सांगतात. तिचा उगम ‘हेमदत यामीम’ या कब्बालापंथी, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, ग्रंथात मानतात. त्या ग्रंथाचा लेखक अज्ञात आहे आणि त्यावर शब्बताई त्स्वी या सतराव्या शतकातल्या खोट्या मसीहाच्या पंथाचा वास असल्याचा आरोपही झाला होता. डान्झिग मात्र पोटापाण्यासाठी व्यापार करणारे, लाइपझिगच्या जत्रांना जाणारे, पुढे विल्नात (आजच्या विल्निअसमध्ये) दयान, म्हणजे धर्मन्यायाधीश, झालेले. १८०३ साली दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांचं घर पडलं, कुटुंब वाचलं, म्हणून ते दरवर्षी घरगुती पुरिम, म्हणजे सुटकेचा सण, पाळत.

नेहमीच्या कबुलीत ‘आम्ही’ असतं. सगळे एकत्र छातीवर मूठ मारतात आणि त्या गर्दीत आपला आवाज मिसळून जातो. इथे सगळं ‘मी’. देवाने डोळे दिले, मी त्यांनी काय पाहिलं. कान दिले, काय ऐकलं. तसंच तोंड, हात, पाय, हृदय. २४८ अवयव आणि ३६५ शिरा, म्हणजे करायच्या आणि टाळायच्या ६१३ आज्ञा. तोंडाच्या परिच्छेदाशी मी सर्वांत जास्त अडकतो. दिवसभरात कुणाबद्दल काय बोललो ते तिथे आपोआप समोर येतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी जीभ आवरते. हा फरक घरच्यांनाही जाणवला.

पण मला खरी किंमत वाटते ती क्षमेच्या भागाची. योम किप्पुर माणसामाणसांतली पापं धूत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, असं मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, सांगते. म्हणून इथे आपण म्हणतो : ज्याने माझ्या शरीराला, पैशाला, नावाला धक्का लावला त्याला मी पूर्ण माफ करतो, माझ्यामुळे कुणाला शिक्षा होऊ नये. लगेच दोन अपवाद. न्यायाने वसूल होणारा पैसा सोडला असं समजू नये. आणि ‘पाप करतो, तो माफ करेलच’ असं म्हणून ज्याने केलं, त्याला ही माफी नाही. इथे न्यायाधीशाचा हात दिसतो. अलिबागकडच्या वाडीवरून माझं एका चुलत भावाशी वर्षानुवर्षं वाकडं आहे. ‘सगळं सोडून दे’ म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. ही प्रार्थना मला हक्क सोडायला सांगत नाही, राग सोडायला सांगते, म्हणून मी ती खोटं न बोलता म्हणू शकतो. दावा चालू आहे. पण पेसाह या वसंतातल्या सणाला मी त्याला फोन केला, मुलांची चौकशी केली, आणि त्यानेही माझ्या आईची केली.

तक्रारी आहेत. वीर्यनाशाबद्दलचा भाग फार कठोर आहे. आधीच अपराधी वाटून कुढणाऱ्या माणसाच्या, किंवा वयात येणाऱ्या मुलाच्या हाती मी तो देणार नाही. माझ्याकडच्या छापील प्रतीत अक्षर बारीक आणि परिच्छेद सलग, दिव्याखालीही डोळे दुखतात. शिवाय पूर्ण मजकूर रोज म्हटला की तो तोंडपाठ होतो आणि मन दुसरीकडे जातं. म्हणून अवयवांचा भाग मी आता आठवड्यातून एकदाच घेतो, क्षमेचा मात्र रोज.

नव्याने घेणाऱ्याने क्षमेपासूनच सुरुवात करावी. हिब्रू कच्चं असेल तर अर्थ आधी मराठीत लिहून काढावा. आपल्याकडे १८४६ सालीच मुंबईत मराठी अर्थासह हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली होती, तेव्हा यात नवं काही नाही. मी क्षमेचा हा एक परिच्छेद देवनागरी उच्चारांसह मोठ्या अक्षरात टाइप केलाय, दारफाळणीच्या आधी आमच्या सिनेगॉगमधल्या म्हाताऱ्या मंडळींना वाटणार आहे.