समुद्रविज्ञानाचं एम.एस्सी. : नऊ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

जुलैत अ‍ॅडमिशन घेतली, आता मार्च संपत आलाय, म्हणजे नऊ महिने झाले. या नऊ महिन्यांत नातेवाइकांपासून कदंब बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, मरीन घेतलंस म्हणजे आता बोटीवर जाणार का? तर आधी तेवढं क्लिअर करते. बोटीवर नोकरी करणारे, ज्यांना आपल्याकडे तारवटी म्हणतात, त्यांची लाईन वेगळी आहे. त्यासाठी इंडियन मेरिटाईम युनिव्हर्सिटी आहे, २००८ साली झालेली, मुख्यालय चेन्नईला, बारावीनंतर त्यांची सीईटी द्यायची आणि मग नॉटिकल सायन्स नाहीतर मरीन इंजिनीअरिंग. मासे, मत्स्यशेती यात रस असेल तर मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई ही मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, कोचीला फिशरीजचं वेगळं विद्यापीठ आहे. मी शिकतेय ते समुद्राचं विज्ञान, म्हणजे पाणी, प्रवाह, गाळ, क्षार, प्लवकं (पाण्यात तरंगणारे बारीक जीव). आणि हे मी गोव्यात राहून शिकतेय याचा मला रोज आनंद होतो.

मी डिचोली तालुक्यातली, बी.एस्सी.ला झूलॉजी. पहिला धक्का बसला तो गणिताचा. फिजिकल ओशनोग्राफीत कोरिऑलिस, एकमन असं, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा-पाणी कसं वळतं याचं गणित, सुरू झालं आणि पहिले दोन महिने मी रोज रात्री बारावीचं कॅल्क्युलस काढून बसायचे. डॉल्फिन, कासवं, डायव्हिंग एवढंच डोक्यात घेऊन कोणी येणार असेल तर प्लीज आधी सिलॅबस नीट वाचा. आठवड्यातला बराच वेळ लॅबमध्ये टायट्रेशन करण्यात आणि कॉम्प्युटरवर डेटा साफ करण्यात जातो.

पण ते गणित कशासाठी असतं ते मला ऑक्टोबरात कळलं. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, पण समुद्र नीट शांत व्हायला वेळ लागतो, म्हणून आमची पहिली बोट ट्रिप ऑक्टोबरात झाली. मला बोट लागली, आलेपाक चघळत कशीबशी उभी होते. निस्किन बाटली, म्हणजे खोलवरच्या पाण्याचा नमुना घ्यायची बाटली, खाली सोडायची, ठरलेल्या खोलीवर बंद करायची, वर आणून त्यातलं पाणी बुडबुडा न येऊ देता काचेच्या छोट्या बाटलीत भरायचं आणि लगेच मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. वरच्या पाण्याची बाटली छान तपकिरी झाली, मधली फिकट, आणि तळाची जवळजवळ पांढरी! शिवाय त्या तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, परत केलं तर परत पांढरीच.

सरांनी तिथेच डेकवर सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचा रोख दक्षिणेकडे असतो, आणि वारा असा किनाऱ्याला धरून वाहिला की उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे खोल समुद्राकडे ढकललं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यात पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर झाकणासारखं पसरतं, मग वरचं-खालचं मिसळतच नाही, आणि वरून पडणारी मेलेली प्लवकं तळाशी कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. उजव्या हाताला ढकलणं म्हणजेच एकमन, ज्याच्यावर मी दोन महिने डोकं आपटत होते! कांदोळीच्या समोर एनआयओवाले (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) वर्षानुवर्षं एकाच ठिकाणचं पाणी तपासतायत आणि त्यात हा बदल दरवर्षी दिसतो. मी लहानपणापासून त्याच समुद्राकडे बघत आलेय, आणि काही मीटर खाली श्वास घ्यायला हवा नाही हे मला माहीतच नव्हतं.

दुसरी गोष्ट घरची. आमचं खाजन शेत आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेलं, बांधाला मानस म्हणजे पाण्याची झडप आहे, भरतीचं पाणी चढलं की तिची लाकडी दारं पाण्याच्याच दाबाने बंद होतात, ओहोटीला आपोआप उघडतात. आमचे काका भरतीची वेळ बोटांवर काढतात, तिथी गुणिले पाऊण. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे वर्गात शिकले तेव्हा मी वहीतच हिशोब केला, काकांच्या पाऊण तासात आणि त्यात पाचच मिनिटांचा फरक! घरी जाऊन सांगितलं तर काका म्हणाले, अगो मग तेवढ्यासाठी एम.एस्सी. कशाला. पण नंतर तेच विचारायला लागले, उन्हाळ्यात पाणी खारं कुठपर्यंत चढतं, कोरगुट भाताला, म्हणजे खाजनातल्या आमच्या खाऱ्या जमिनीतल्या भाताला, किती मीठ चालतं. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून साधारण ५० किलोमीटर आत गांज्यापर्यंत जाणवतो, म्हणजे आपल्यातले कितीतरी जण समुद्रापासून लांब राहतो असं समजून समुद्राच्याच काठावर राहतात.

प्रॅक्टिकल गोष्टी सांगते. लेबलं पेन्सिलनेच लिहा, आमच्या ग्रुपची एका ट्रिपला पेनची लेबलं पुसली गेली आणि बारा बाटल्या वाया गेल्या, खूप वाईट वाटलं. चोडणला खारफुटीत जायचं असेल तर रायबंदरहून फेरी आहे, पण ओहोटीची वेळ बघून निघा, आणि जुनेच कपडे घाला कारण चिखल गुडघ्यापर्यंत असतो आणि डाग जात नाहीत. पायथन किंवा आर यातलं एक आधीच थोडं शिकून या. ओशन डेटा व्ह्यू हे समुद्राचा डेटा बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इथे आल्यावर लागतंच.

नोकरीचं खरं सांगायचं तर एम.एस्सी.वर लगेच मोठा पगार मिळेल असं धरून येऊ नका. बरेच जण नेटची तयारी करतात, पुढे पीएच.डी., प्रोजेक्टवरच्या जागा. पण गोव्यात असण्याचा फायदा आहेच, दोनापावलाला १९६६ साली सुरू झालेली एनआयओ आहे, वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, आणि भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती. मच्छीमारांना मासे कुठे मिळतील ते कळवणारी आणि त्सुनामीचा इशारा देणारी संस्था मात्र हैदराबादला आहे, तिकडे जायची तयारी ठेवा.

घरून परवानगी मिळवायला ज्यांना त्रास होतोय, विशेषतः मुलींना, त्यांच्यासाठी सांगते, आमच्या वर्गात मुली भरपूर आहेत आणि बोटीवर विंच फिरवण्यापासून गाळ उपसण्यापर्यंत सगळं आम्ही करतो.

पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे, मला आमच्या मानशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला खारेपणा महिनाभर मोजायचाय. काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, सुरुवात पुनवेच्या उधाणाला कर, भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, आलीस तर पाणी बांधाला लागलेलंच नसेल.