६० हजारांचं बॅलन्स ट्रान्सफर आणि एक बॅटरी : सहा महिन्यांनंतर

आधी बॅटरीचं सांगतो, कारण डोकं तिथंच अडकलंय. ऑगस्ट २०२४. पऱ्हाटीवर फवारणीची घाई आणि चार्जिंगच्या पंपाची बॅटरी बसली. खिशात रोख नव्हती, नवं क्रेडिट कार्ड होतं. जुन्या कार्डाचं देणं कमी व्याजाच्या ऑफरवर याच कार्डावर आणलं होतं, त्यालाच बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. कृषी केंद्रात १,८५० रुपयांचं स्वाइप केलं. बिलात त्याच बॅटरीवर ३४ दिवसांचं व्याज ७४ रुपये ४५ पैसे, वरून जीएसटी १३ रुपये ४० पैसे. ८७ रुपये ८५ पैसे! कार्डावर महिना-दीड महिना बिनव्याजी असतो ना?

कस्टमर केअरला तीन फोन. आमच्याकडे रेंज गच्चीवरच येते, म्हणजे तिन्ही वेळा उन्हात. तिसऱ्यांदा एका बाईंनी नीट सांगितलं: ट्रान्सफरची बाकी अंगावर असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. व्याज पहिल्या दिवसापासून, तेही ऑफरच्या नाही, नेहमीच्या दराने. अटींमध्ये होतं म्हणे. असेल. ऑफर देणाऱ्या पोरानं मात्र "सर, नो टेन्शन" याच्यापुढे काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी या प्रकाराला दोन स्टार देऊन मोकळा झालो होतो.

आता कर्जाचं. दारव्हा तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, घरची कोरडवाहू शेती. बोअरची मोटर जळली, मग बहिणीचं बाळंतपण, असं करत जुन्या कार्डावर ८४ हजार साचले. वर्षभर मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरत होतो. महिना ३.६ टक्के म्हणजे ३,०२४ रुपये व्याज, १८ टक्के जीएसटी धरून ३,५६८. मी भरायचो ४,२००. मुद्दल उतरायचं सहाशे तीस-बत्तीस. पोरांना चक्रवाढ व्याज शिकवणारा मास्तर, अन् हे कधी कागदावर मांडलं नाही.

बाबांनी मांडलं. ते पीककर्ज मार्चच्या आत फेडतात, पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. म्हणाले, "कास्तकाराले बिनव्याजी अन् मास्तरले शेकडा साडेतीन? आपला सावकार तरी जीएसटी लावत नाही बावा."

नव्या कार्डाची लिमिट ८० हजार, त्यावर ६० हजारच ट्रान्सफर झाले. दर महिना ०.९९ टक्के, सहा महिने. प्रोसेसिंग फी दोन टक्के, १,२०० अधिक जीएसटी २१६. पैसे एनईएफटीनं जुन्या कार्डात जायला चार दिवस लागले. तेवढ्यात जुन्याची शेवटची तारीख आली, ती भरली म्हणून लेट फी वाचली. उरलेलं जुनं देणं डिसेंबरात कापूस विकून बाबांनीच फेडलं, हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता. त्याबद्दल अजून ऐकतो आहे.

दर महिन्याला मुद्दलाचे दहा हजार भरले. जानेवारीत खातं कोरं झाल्यावर हिशोब केला: व्याज २,०७९, त्यावरचा जीएसटी ३७४, फी धरून एकूण ३,८६९. हेच हप्ते जुन्या दरानं भरले असते तर ८,९२१. पाच हजारांच्या वर वाचले. त्यामुळे दोन स्टार मागे घेतो, चार देतो. पाचवा बॅटरीनं खाल्ला.

दहा हजार काढणं सोपं नव्हतं. दिवाळी नव्या कपड्यांशिवाय गेली. सहा महिन्यांत फेडता येणार नसेल तर सातव्या महिन्यापासून नेहमीचाच दर लागतो, मग फी भरून काय मिळवलं?

जुन्या कार्डाची लिमिट मोकळी झाली तेव्हा मोबाइल घ्यायची हुक्की आली होती. बायकोनं अडकित्त्यानं कार्डाचे दोन तुकडे केले. "घ्या आता मोबाइल!" मग बंद करायचा अर्ज टाकला. बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेलमध्ये लिहिला. तिसऱ्या दिवशी बंद झालं. दंडाचे पैसे हुकले याचं थोडं वाईटच वाटलं.

बॅटरी परवा पुन्हा बसली. वॉरंटी आहे, पण कृषी केंद्राची पावती हरवली. दुकानदाराला कार्डाचं स्टेटमेंट दाखवलं, तर तो आधी व्याजाची ओळ वाचून हसला.