ऑलिम्पस ओएम-१ : काही महिने वापरल्यानंतर

जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा असेल तर कोणतं मॉडेल घ्यावं यावर फार डोकं शिणवू नका. समोर आलेला तो एक नग कसा राहिला आहे, एवढं नीट बघा. ओएम-१वर माझा जीव जडला आहे, तरी हे आधी सांगते. १९७२ साली हा एम-१ या नावाने आला आणि लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने नावाला हरकत घेतल्यावर ओएम-१ झाला. इतक्या वर्षांत आतलं ग्रीस घट्ट होतं, फोमचा चिकट लगदा होतो. त्यामुळे वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या चकचकीत कॅमेऱ्यापेक्षा कडा घासलेला, पण चालता राहिलेला कॅमेरा बरा, असं माझं मत झालं आहे.

घेताना मागचं दार उघडा, वेग १ सेकंदावर ठेवा, शटर दाबा आणि कान द्या. सेकंद रेंगाळत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर सर्व्हिसिंग आलंच. मग १/१००० वर ठेवून, लेन्स काढून, उजेडाकडे धरून बघा. चौकट एका बाजूला काळी राहता कामा नये. लेन्समधून टॉर्च मारला की बुरशीचे तंतू लगेच दिसतात. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, काळे डाग किंवा पट्टे असतील तर मात्र जपून. या मॉडेलमध्ये व्ह्यूफाइंडरमधल्या काचेच्या प्रिझमभोवतीचा फोम कुजतो आणि प्रिझमवरचा आरशासारखा मुलामा खातो. फोटोत हे डाग येत नाहीत, पण ज्या व्ह्यूफाइंडरसाठी हा कॅमेरा घ्यायचा तोच खराब असेल तर काय उपयोग?

कारण व्ह्यूफाइंडर हीच याची खरी श्रीमंती आहे. ऑलिम्पसचे रचनाकार योशिहिसा मैतानी यांनी कॅमेरा लहान आणि हलका केला, पण आतली चौकट मोठी ठेवली. ५० मिमी लेन्सला विस्तार ०.९२ पट आणि ९७ टक्के दृश्य दिसतं. डोळा लावला की भोवतालचा काळोख विसरायला होतो. डाव्या बाजूला उजेड मोजणाऱ्या मीटरची एक सुई, बाकी काही नाही. फोकस हुकलेला असताना मधलं मायक्रोप्रिझम वर्तुळ चमचमतं आणि फोकस बसला की एकदम शांत होतं. संध्याकाळच्या कमी उजेडातही माणसाच्या डोळ्यांवर फोकस धरता येतो.

शटरच्या वेगाची चकती वर नाही, लेन्सच्या बुडाशी कड्यासारखी आहे. सुरुवातीला बोटं चाचपडतात. सवय झाली की डावा हात लेन्सखाली ठेवून मागच्या कड्याने वेग, मधल्याने फोकस, पुढच्याने ॲपर्चर (लेन्सचं उघडझाप होणारं छिद्र) असं सगळं डोळा न काढता जमतं. यानंतर वरच्या चकतीचे कॅमेरे मला अवघडच वाटतात.

आता बॅटरी. मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवला आहे आणि ते सेल आता बाजारातून गेले. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फिल्मला कमी उजेड मिळून निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट येते. शिवाय अल्कलाइनचा विद्युतदाब हळूहळू उतरत जातो, म्हणजे चूकही एकसारखी राहत नाही. मी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रिंग घालून वापरते. तो १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. मात्र वरचा कागद काढला की हवा लागून तो संपायला सुरुवात होते, तुम्ही फोटो काढा वा न काढा. दुसरा मार्ग म्हणजे विद्युतदाब उतरवणारा ॲडॅप्टर. सेल संपला तरी शटर चालतं, कारण ते पूर्ण यांत्रिक आहे. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओइतका (फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका) वेग हा नियम पाठ असला की मीटरवाचून काही अडत नाही.

रोल भरताना एक सवय लावून घ्या: मागचं दार लावल्यावर रिवाइंडची चावी हलक्या हाताने फिरवून फिल्म ताणून घ्या, मग लिव्हर ओढा. लिव्हर ओढताना चावी आपोआप उलटी फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म पकडलीच गेलेली नाही, आणि अख्खा रोल कोराच निघेल.

कृष्णधवलसाठी मी इल्फर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मवर स्थिरावले आहे. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं धुतलं की सावल्यांतही तपशील उरतो. घरी रोल धुणं जमण्यासारखं आहे, जरूर करून बघा. रंगीत मात्र मी बाहेरच धुवायला देते.

उणिवा आहेत. फ्लॅशसाठी १/६० च्या वर जाता येत नाही, त्यामुळे उन्हात भर म्हणून फ्लॅश मारणं कठीण. सर्वाधिक वेग १/१००० असल्याने ४०० ची फिल्म भरून भर दुपारी एफ/१.८ उघडता येत नाही. मीटरची कळ बंद करायची राहिली की सेल जातो.

वेग आपोआप ठरवणारी ऑटोची सोय हवी असेल तर १९७५चा ओएम-२ आहे, शिवाय माउंट (लेन्स बसवायची खाच) तोच, म्हणजे लेन्स दोन्हींना चालतात. मी तरीही ओएम-१च घेतला. ओएम-२चं शटर इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याचं सर्किट गेलं तर सुटे भाग दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात. ओएम-१चं शटर जाणत्या कारागिराला साफ करून, तेल देऊन परत वेळेवर आणता येतं.