लाकडी दस्त्याची ९८ धाटणीची शिकारी रायफल, ७×५७ : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आधी रायफल कोणती ते सांगतो. मावझर ९८ धाटणीची बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे हाताने बोल्टचा दांडा मागे-पुढे करून काडतूस भरायची यंत्रणा, ७×५७ मिलिमीटरचं काडतूस, बारीक शिकारी नळी, तेल मुरवलेला अक्रोडाचा दस्ता. पोटातल्या मॅगझिनमध्ये पाच काडतुसं मावतात आणि त्याखाली बिजागरीचं झाकण आहे. वर ४ पट ठरावीक मोठेपणाची दुर्बीण. दुर्बीण आणि पट्टा धरून वजन पावणेचार किलोच्या आत.

आज दुकानाच्या फळीवर जे सर्वांत पुढे मांडलेलं असतं त्याच्या ही नेमकी उलट. तिथे अ‍ॅल्युमिनियमची चासी (दस्त्याऐवजी धातूचा सांगाडा), गालपट्टी वर-खाली करायची मळसूत्रं, दहा काडतुसांचं निघणारं मॅगझिन, जाड नळी, वर दुर्बीण बसवायची लांबलचक रेल आणि खाली दोन पाय असतात. सगळं चढवून पाच-सहा किलो सहज भरतं. त्या रायफली उत्तम आहेत, पण त्यांचं काम वेगळं. त्या एकामागून एक वीस गोळ्या एकाच जागी टाकण्यासाठी घडवलेल्या असतात. शिकारी रायफलीची परीक्षा थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीवर होते. पुढे जे लिहिलंय ते त्या एका गोळीच्या हिशोबाने वाचावं.

हातात घेतल्यावर आधी कळतो तो तोल. मॅगझिनच्या जरा पुढे, मूठ सहज बसते तिथेच वजनाचा मध्य येतो. एका हातात धरून दिवसभर चालता येतं, आणि खांद्याला लावताना नळी पुढे झुकत नाही की मागेही रेलत नाही. चासीच्या रायफलीला दोन पाय आणि मोठी दुर्बीण लागली की हा मध्य सरकतो, आणि उभ्याने नेम धरताना तो फरक लगेच जाणवतो. बाजूला उघडे खटके, रेलचे दाते काही नाही, त्यामुळे झुडपातून जाताना काही अडकत नाही. पट्टा डाव्या दंडाभोवती एक वळसा देऊन ताणला की बसून नेम धरायला तेवढा आधार पुरतो.

आता बोल्ट. १८९८ च्या या रचनेत काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळं ओढून काढणाऱ्या भागाच्या, लांब, रुंद नखाखाली सरकते. म्हणजे चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या पोकळीत, जाण्याआधीच बोल्टने ते पकडलेलं असतं. रायफल तिरपी धरा, उलटी धरा, काडतूस सुटत नाही. अर्ध्यातून बोल्ट मागे घेतला तर तेच काडतूस बाहेर पडतं. पुष्कळ नव्या रायफलींत काडतूस नुसतं पुढे ढकललं जातं आणि नख त्याला शेवटी धरतं. तिथे अर्ध्यातून बोल्ट मागे घेऊन परत पुढे मारला तर चेंबरमध्ये एक काडतूस आणि त्याच्या मागे दुसरं अशी कोंडी होते. पुंगळं बाहेर फेकणारा इजेक्टरही इथे पात्याचा आहे, स्प्रिंगचा नाही. बोल्ट हळू ओढला तर रिकामं पुंगळं बोटांवर येऊन पडतं आणि जोरात ओढला तर दोन पावलं लांब उडतं. पुंगळी गोळा करून पुन्हा भरणाऱ्यांना याची किंमत कळेल.

या पद्धतीची एक अट आहे आणि नवखे तिथेच चुकतात. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद करायचा नाही. मूळ ९८ चं नख कडेवरून उडी मारून बसण्यासाठी घडवलेलं नसतं. जोर लावला तर नखाची धार उडते किंवा बोल्ट पूर्ण बंदच होत नाही. एकच गोळी टाकायची असली तरी ती आधी मॅगझिनमध्ये दाबायची आणि तिथून उचलायची.

मॅगझिनची स्प्रिंग चपटी, नागमोडी असते. साफ करताना ती उलटी बसवली गेली तर काडतुसाचं तोंड खाली राहतं आणि चेंबरच्या कडेला आपटतं. भरणं अडायला लागलं की कानस हातात घेण्याआधी स्प्रिंग बघावी.

सेफ्टी जुनी, बोल्टच्या मागची पाखाची. उजवीकडे टाकली की बोल्ट आणि काडतुसावर मार देणारी पिन दोन्ही कुलूपबंद, सरळ उभी ठेवली की पिन अडते पण बोल्ट उघडतो, आणि डावीकडे टाकली की रायफल गोळी सोडायला तयार. रायफल रिकामी करताना मधली जागा वापरायची, ही फार मोठी सोय आहे. अडचण दुर्बिणीची होते. दुर्बीण खाली बसवली तर पाख उभी राहायला जागाच उरत नाही. मग एकतर दुर्बिणीच्या कड्या उंच घ्याव्या लागतात किंवा आडवी फिरणारी सेफ्टी बसवावी लागते. दुसरा उपाय चांगला. उंच कड्यांमुळे गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि तिथेच नेम बिघडतो, कारण या दस्त्याचा माथा उघड्या माशीच्या (दुर्बिणीशिवाय नेम धरायच्या नळीवरच्या खुणांच्या) उंचीला कोरलेला असतो.

खरा विषय लाकडाचा आहे. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, त्याबरोबर फुगतं आणि आकसतं. पावसाळी हवेत दस्त्याचा पुढचा भाग जरासा वळला आणि नळीला एका बाजूने टेकला, की काल बरोबर बसणारी गोळी आज चार-पाच सेंटीमीटर बाजूला जाते. लोक दुर्बिणीला दोष देऊन तिची चाकं फिरवत बसतात. आधी वहीच्या कागदाची दुहेरी पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवून बघा. टोकापासून अ‍ॅक्शनपर्यंत ती मोकळी गेली पाहिजे. मात्र काही जुन्या रायफलींत दस्त्याच्या टोकाशी नळीला खालून मुद्दाम दाब दिलेला असतो. दोन्ही बाजूंना फट सारखी असेल आणि फक्त खालून टोकाशी टेकत असेल तर तो त्या रायफलीचा स्वभाव समजावा आणि खरवडू नये.

दुसरी तपासणी रिकॉइल लगची. अ‍ॅक्शनच्या पुढच्या टोकाखाली असलेला हा ठोकळा धक्क्याचा सगळा भार लाकडावर देतो. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढा, दोन्ही मोठे स्क्रू सोडवा. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारंच हवं, नाहीतर खाच फाटते आणि ते आयुष्यभर दिसत राहतं. लगच्या मागच्या पृष्ठभागावर दिव्याची काजळी बोटाने पातळ चोळा. अ‍ॅक्शन परत बसवून आधी पुढचा स्क्रू, मग मागचा, साधारण ४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. दस्त्याचं बूड रबरी चटईवर दोनदा हलकेच आपटा आणि सगळं पुन्हा काढा. लाकडावर काळा ठसा पूर्ण रुंदीभर, सारखा उमटला तर प्रश्नच नाही. तो एका कोपऱ्यातच उमटला तर प्रत्येक धक्क्यात अ‍ॅक्शन जराशी फिरते आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, तिरका पसरतो. उपाय म्हणजे इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे धातू आणि लाकडामधली फट इपॉक्सीने भरणं. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर चिकटपट्टीचा एकेक थर लावायचा, सगळ्या धातूवर मेण चोळायचं, आणि इपॉक्सी फक्त मागच्या बाजूला घट्ट भिडेल असं बघायचं. चोवीस तास हलवायचं नाही. मेण विसरलात तर दस्ता आणि अ‍ॅक्शन कायमचे एक होतात.

लग नीट टेकत नसेल तर भार मागे, मुठीच्या वरच्या टँगवर, म्हणजे धातूच्या मागच्या जिभेवर, जातो. टँगच्या मागे लाकडाला अर्धा ते एक मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती नसेल तर टँग पाचरीसारखं काम करतं आणि लाकडाच्या नसेनुसार केसासारखी बारीक चीर मागे सरकत जाते. वापरलेली रायफल घेताना सगळ्यांत आधी तिथेच भिंग लावावं.

ओलावा आत शिरतो तो वरच्या चकचकीत पृष्ठभागातून कमीच. बुडाच्या प्लेटखाली, नळीच्या खाचेत आणि मॅगझिनच्या कोनाड्यात लाकूड बहुधा कोरंच सोडलेलं असतं. तिथे लाकडाच्या नसा उघड्या पडतात आणि स्पंजासारखं पाणी ओढतात. प्लेट काढून त्या जागी पातळ तेलाचे तीन-चार हात मुरवले की नेम सरकण्याची निम्मी तक्रार जाते. बाहेरच्या बाजूला उकळवलेलं जवसाचं तेल वापरावं. तीन-चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड कोमट लागेपर्यंत चोळायचं, उरलेलं कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, एक दिवस थांबायचं आणि मग पुढचा हात. थर जाड ठेवला तर तो चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. जाळीदार नक्षीत तेल ओतू नये, दात घासायचा जुना ब्रश जेमतेम ओला करून फिरवावा. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं उघड्यावर पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं.

रायफल चिंब भिजली तर दस्ता वेगळा करून सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. हीटरजवळ ठेवला तर वरचा थर आधी आकसतो आणि चिरा पडतात. एवढी देखभाल प्लॅस्टिकच्या दस्त्याला नाहीच लागत, हे खरं आहे. पण थंडीत गालाला लागणारं लाकूड, हाताच्या तेलाने मुठीपाशी गडद होत गेलेली नस आणि तेलाचा तो वास, याचं मोल आमच्या लेखी या सगळ्या कामापेक्षा जास्त आहे.

अचूकतेबद्दल स्पष्ट लिहितो. १०० मीटरवर कोनाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २९ मिलिमीटर. जुन्या घडणीची नीट बसवलेली रायफल तीन गोळ्यांत दीड मिनिट, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या आसपास देत असेल तर ती चांगली. पाच गोळ्यांची अपेक्षा धरू नये. बारीक नळी तिसऱ्या-चौथ्या गोळीला इतकी तापते की पुढच्या गोळ्या एका दिशेने सरकायला लागतात. नळी हाताने दोन-तीन सेकंदही धरवत नसेल तर बोल्ट उघडा ठेवून दहा मिनिटं थांबावं. घाईत केलेलं झिरोइंग (दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवणं) इथेच फसतं, कारण तापलेल्या नळीवर जुळवलेली दुर्बीण थंड नळीच्या पहिल्या गोळीला खोटी ठरते.

७×५७ हे १८९० च्या दशकातलं काडतूस. धक्का सौम्य, त्यामुळे चाप ओढताना अंग आक्रसत नाही. १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅमची) गोळी साधारण ८०० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. १०० मीटरवर ती नेमाच्या सुमारे ५ सेंटीमीटर वर बसवली की १८० मीटरच्या आसपास नेमावर येते. जिथे शिकारीला परवानगी आहे तिथे मध्यम आकाराच्या हरणांसाठी याहून जास्त काही लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. याच काडतुसाच्या १८९३ आणि १८९५ च्या मावझर रायफलींची अ‍ॅक्शन ९८ पेक्षा कमजोर असते, तिच्या बोल्टला कुलूपबंद धरणारा मागचा तिसरा दात (लग) नसतो. म्हणून अमेरिकी मानकात दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय (सुमारे ३,५०० बार) अशी सौम्य ठेवली आहे, तर युरोपीय मानकात ती ३,९०० बार, म्हणजे जास्त आहे. युरोपीय मानकाची काडतुसं १८९३ किंवा १८९५ च्या रायफलीत घालू नयेत.

उघडी माशी काढून टाकू नका. दुर्बीण फुटली तर तीच कामाला येते. मागची व्ही आकाराची खाच ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते, पुढच्या माशीचं उलट. दोन्हींतलं अंतर अर्धा मीटर असेल तर ०.१ मिलिमीटरचा फरक १०० मीटरवर २ सेंटीमीटर होतो, म्हणून हातोडीने ठोकू नका, सरकवायचं हत्यार वापरा.

साफसफाईत तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ. सळई नेहमी चेंबरच्या बाजूने, गाइड (सळई सरळ धरणारी नळी) घालून. तोंडाकडून घातली तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि ग्रुप कायमचा उघडतो. निळसर काळ्या पॉलिशवर घामाचा ठसा एका रात्रीत गंज धरतो, म्हणून आत ठेवण्यापूर्वी तेलाचा हलका हात फिरवा. तेल लावलेली रायफल कपाटात नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल ओघळून अ‍ॅक्शनमागच्या लाकडात मुरतं आणि ते लाकूड मऊ पडतं. बोल्टच्या आत, पिनच्या स्प्रिंगवर घट्ट ग्रीस भरू नका. थंडीत ते थिजतं, पिनचा मार हलका बसतो आणि काडतूस फुटतच नाही.

चासीच्या रायफली कुठे सरस आहेत तेही लिहायला हवं. पालथं पडून ५०० मीटरवर लोखंडी पाट्या वाजवायच्या असतील, लांब स्पर्धा खेळायच्या असतील, किंवा एकाच घरातल्या उंच-ठेंगण्या माणसांनी एकच रायफल वापरायची असेल तर तीच घ्यावी. त्या कामाला हा दस्ता नको.

वापरलेली ९८ घेताना बोल्टचा आणि अ‍ॅक्शनचा क्रमांक जुळतो का बघा. नसेल जुळत तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून गेजने हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मोजून घ्या. बोल्ट 'गो' गेजवर बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये.

रायफल घरी आली की एक कागद वेगळा ठेवा. दर वेळी रेंजवर गेल्यावर, तेलाचा अंश राहू नये म्हणून नळीतून दोन कोरडी फडकी फिरवून, १०० मीटरवर त्या कागदावर एकच गोळी टाका आणि छिद्राशेजारी तारीख, हवा कोरडी की दमट, आणि कोणतं काडतूस ते लिहा. तेल तसंच राहिलं तर पहिली गोळी वेगळीच जाते, म्हणून फडकी टाळू नका. दहा खेपांनंतर तो कागद हातात धरा. छिद्रं तळहाताएवढ्या जागेत असतील तर दुर्बिणीच्या चाकांना हात लावू नका, आणि पावसाळ्यातली छिद्रं एकाच बाजूला गोळा झाली असतील तर वहीच्या कागदाची पट्टी पुन्हा बाहेर काढा.